सात सेकंदांची किंकाळी

दातांच्या दवाखान्यात मामींचा उपयोग दोन प्रकारे होत असे. एक म्हणजे हत्यारं उकळणं, कापूस पुढे करणं, पेशंटचा हात धरणं. दुसरा म्हणजे उदाहरण. खुर्चीत कोणी आकांत मांडला की डॉक्टरीणबाई हातातला आरसा खाली ठेवून म्हणत, "ह्या बाईंकडे बघा. दोन वर्षांपूर्वी ह्यांची अक्कलदाढ काढली. आडवी होती, सव्वा तास लागला. हूं नाही की चूं नाही."

पेशंट मामींकडे बघे, मामी फरशीकडे बघत, आणि निदान लाजेखातर पुढची दहा मिनिटं खुर्चीत शांतता नांदे.

मामींची ही कीर्ती घरीदारी पसरलेली होती. हातावर उकळतं तेल उडालं, आवाज नाही. दारात बोट चेमटलं, आवाज नाही. मुलीच्या वेळी तर नर्सने दोनदा वाकून खात्री करून घेतली होती की बाई जाग्या आहेत ना. नातेवाईक म्हणत, काय सोसते हो ही! नवरा म्हणे, आमची ही म्हणजे दगड. आणि हे तो कौतुकाने म्हणे, हे विशेष.

खरी गोष्ट अशी होती की मामींना इतर कोणाहीइतकंच दुखत असे. फक्त त्यांची किंकाळी प्रसिद्ध होती, आणि ती कोणी ओळखेल या भीतीने त्यांनी तेवीस वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं.

लग्नाआधी मामी एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होत्या. एके दिवशी काचांचा ट्रे त्यांच्या पायावर पडला आणि त्या ओरडल्या. माडीवरच्या दोन खोल्यांत तीन तरुण कॉम्प्युटरवर काहीतरी खटपट करत बसलेले असत. ते तिघे जिन्यावरून धावत खाली आले. मामींना वाटलं, काय माणुसकी आहे! त्यातला चष्मेवाला धापा टाकत म्हणाला, "ताई, आत्ता जे केलंत ते पुन्हा करता येईल?"

ते तिघे बंदुकीचा खेळ बनवत होते. नाव ठेवलं होतं 'शेवटची चौकी'. खेळणाऱ्याने शत्रूच्या गावात शिरायचं आणि दिसेल त्याला टिपायचं. टिपलेल्यांना ओरडायला माणूस हवं होतं. मग दुपारच्या सुट्टीत मामी माडीवर जात, गोधड्या लावलेल्या कपाटात उभ्या राहत आणि मरत. त्या त्रेचाळीस प्रकारे मेल्या. भिंतीवरून पडून, पाण्यात, दाराआड, धावता धावता. आजही दवाखान्यात कोणी ओरडलं की त्या मनात म्हणत, हा भिंतीवरचा; हा मात्र नुसताच भित्रा.

त्रेचाळिसावं मरण म्हातारीचं. चौथ्या टप्प्यात एका अंधाऱ्या घराचं दार उघडतं, कंदील घेऊन म्हातारी बाहेर येते, खेळणारा दचकून गोळी झाडतो आणि ती ओरडते. पूर्ण सात सेकंद. ह्या म्हातारीची आणखी अकरा साधी वाक्यंही मामींनी बोलून दिली होती. ती खेळात कुठे बसवली, हे त्यांना कधी कळलं नाही.

खेळ बाजारात आला तेव्हा मामींच्या लग्नाला चार महिने झाले होते. मारामाऱ्यांचे खेळ लोकांना नवे नव्हते, पण निरपराध म्हातारीला मारण्याचे गुण मिळतात म्हटल्यावर वर्तमानपत्रं पेटली. त्यात पोरांनी ती किंकाळी उचलली. शाळेच्या जिन्यात, मधल्या सुट्टीत, फळ्यापुढे, जो तो सात सेकंद मरू लागला. तिथले हेडमास्तर चिडले, त्यांनी मोर्चा काढला. मोर्चा गाजला, खेळ दुकानांतून उठला, माडीवरच्या तिघांनी गाशा गुंडाळला.

हे हेडमास्तर म्हणजे मामींचे सासरे.

मोर्च्याची बैठक घरातच झाली होती आणि नवी सून चहा देत होती. कप घेता घेता हेडमास्तर म्हणाले होते, "जिचा हा आवाज असेल, तिच्या घरच्यांना लाज कशी वाटत नाही?" मामींनी बशी सरळ केली आणि त्या आत गेल्या. त्या दिवसापासून त्या सोशिक झाल्या.

आता हेडमास्तर ऐंशीचे होते. ऐकू कमी येई, दिसे त्याहून कमी. त्यांचा सगळा दिवस सुनेच्या हातावर चाले आणि ते येईल त्याला सांगत, "मला मुलगी नाही असं नाही, पण ही आहे." सख्खी मुलगी समोर असतानाही सांगत. हा माणूस आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघेल, एवढ्या एका गोष्टीचं मामींना भय होतं. बाकी जग काय म्हणेल ते म्हणो.

तर असं सगळं बंद कपाटात असताना भाच्याचा फोन आला.

भाचा म्हणजे हेडमास्तरांचा नातू, त्यांच्या सख्ख्या मुलीचा मुलगा. वय तिशीला टेकलेलं, नोकरी विमा कंपनीत आणि जीव जुन्या गोळीबाराच्या खेळांत. लोक विसरलेले, लोकांनी शिव्या दिलेले असे खेळ तो हुडकून काढी, नव्याने खेळे आणि त्यावर चाळीस मिनिटं बोलून ते इंटरनेटवर टाकी. बघणारे नऊशे होते, त्यांत अकरा नातेवाईक.

"मामी, 'शेवटची चौकी' मिळाली! भंगारवाल्याकडे, खोक्यासकट. रविवारी येतो. आजोबांची मुलाखत घ्यायची, बंदी घालणारा माणूस आपल्याच घरात आहे म्हटल्यावर! आणि त्या किंकाळीवालीला तर मी शोधून काढणारच."

"जेवायला ये," मामी म्हणाल्या. भाच्याशी त्या बहुधा एवढंच बोलत.

रविवारी जेवणं झाली. नवरा नेमाप्रमाणे आडवा झाला. भाच्याने बैठकीत जुना कॉम्प्युटर मांडला, त्याचं रिकामं खोकं बोळात ढकललं, कॅमेरा उभा केला. तेवढ्यात मामींनी एक काम उरकून घेतलं होतं. सासऱ्यांच्या कानातलं यंत्र पुसायला म्हणून घेतलं आणि त्यातली बॅटरी काढून मुठीत धरली. तेवीस वर्षांच्या संसारातली ही त्यांची पहिली चोरी.

"आजोबा, ऐकू येतंय?"

"काय?"

"ऐकू येतंय का?"

"जेवलो मघाशीच."

मामींना हायसं वाटलं. ते फार तर अर्धा मिनिट टिकलं, कारण भाच्याने पिशवीतून भले मोठे हेडफोन काढून आजोबांच्या डोक्यावर चढवले, आपला माइकही त्यांनाच जोडला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. हेडमास्तर खुर्चीत ताठ झाले. "हां! आता कसं!"

मामी स्वयंपाकघराच्या दारात कपबशी पुसत उभ्या राहिल्या. एकच कपबशी, बराच वेळ. त्यांना पडदा दिसत होता, पण आवाज मात्र सगळा म्हाताऱ्याच्या कानात.

"चला आजोबा, मी सरळ चौथ्या टप्प्यावर आणून ठेवलंय. हा माउस. म्हातारी दिसली की डावं बटण दाबा, म्हणजे किंकाळी..."

"सूचना कुठे आहेत?"

"कसल्या?"

"खेळाच्या. सूचना न वाचता पेपर सोडवायचा नसतो."

भाच्याने कपाळाला हात लावला, पण खेळाच्या खोक्यातून पिवळी पडलेली पुस्तिका काढून दिली. बारा पानं. हेडमास्तरांनी भिंग मागवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली, छापखान्याच्या पत्त्यासकट. भाचा नखं खात बसला. बाराव्या पानाशी हेडमास्तर थांबले, भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मग पुस्तिका नीट मिटून म्हणाले, "हं. सुरू कर."

पडद्यावर अंधारं घर आलं. दार किलकिलं झालं. कंदील दिसला.

"आता! आजोबा, आता मारा!"

हेडमास्तरांनी उजवं बटण दाबलं. बंदूक खाली झाली.

म्हातारी ओरडली नाही. तिने कंदील वर केला, चेहरा न्याहाळला, तिचे ओठ हलले. मग ती वळली आणि पुढे चालू लागली. तिच्या मागोमाग घर, मागची खोली, एक बोळ, दगडी पायऱ्या आणि शेवटी नदी. गोळीबाराच्या गावातून बाहेर पडायची ती वाट होती.

"हे कुठे होतं?" भाचा किंचाळलाच. "वीस वर्षं झाली, जगात कोणीच हे... आजोबा, कसं केलंत?"

"पान बारा," हेडमास्तर म्हणाले.

"काय म्हणतेय ती? द्या ना इकडे, मला ऐकू द्या!"

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. "पुन्हा लाव."

मामींच्या हातातली कपबशी थांबली होती. ती अकरा वाक्यं! कोणाच्याही कानावर न पडलेली. पडद्यावरच्या म्हातारीबरोबर मामींचेही ओठ हलत होते. खेळ पुन्हा लागला, मग तिसऱ्यांदा. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, हसू दिसत नव्हतं. उत्तरपत्रिका तपासताना दिसे तसा तो चेहरा होता, आणि तो मामींना कधीच वाचता आला नव्हता.

शेवटी त्यांनी हेडफोन उतरवले. "सूनबाई, जरा न्हाणीकडे ने."

बोळात आल्यावर मामींनी निमूटपणे बॅटरी यंत्रात घातली आणि यंत्र त्यांच्या कानात बसवलं. "सापडली," त्या पुटपुटल्या.

"गरम आहे," हेडमास्तर म्हणाले.

मामींनी त्यांचा हात धरला आणि सहा वर्षं रोज चार वेळा म्हणत आल्या होत्या तेच म्हणाल्या. तोंडाला वळणच पडलं होतं. "इकडून या. भिंतीला हात ठेवा. पायरी आहे, जपून."

"अजून एक आहे," हेडमास्तर म्हणाले.

त्या घरात पायरी एकच होती. दुसरी खेळात होती, म्हातारीच्या तोंडी.

 मामी म्हणाल्या, "कधी ओळखलंत?"

"पहिल्यांदा वाटलं, बाई बोलते छान. दुसऱ्यांदा वाटलं, हिला मी ओळखतो. तिसऱ्यांदा बसल्या जागी माझा पायच उचलला गेला."

"बाबा, ते लग्नाआधीचं..."

"आणि ती किंकाळी?"

"तीही मीच."

"एका दमात?"

"एका दमात."

हेडमास्तरांनी मान हलवली. "माझ्या शाळेत एकालाही पाचच्या पुढे जमलं नाही."

मामींना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. "तुम्ही म्हणाला होतात, तिच्या घरच्यांना लाज कशी वाटत नाही."

"कुठे म्हणालो?"

"ह्याच घरात. माझ्या हातचा चहा घेताना."

हेडमास्तर भिंतीला टेकले. हिशेब लागायला त्यांना थोडा वेळ लागला. "म्हणजे घरचा मीच की!" मग म्हणाले, "मोर्चा चुकला असं नाही मी म्हणत. पोरं जिन्यात मरून पडायची, वर्ग भरवायचे कसे? पण पुस्तिका बारा पानांची होती, सूनबाई. चाळीस वर्षं पेपर तपासले. न वाचता एकच तपासला, तो नेमका घरचा निघाला." त्यांनी सुनेचा हात थोपटला. "म्हणून ओरडत नव्हतीस होय? दाढेच्या वेळीसुद्धा?"

"दाढेच्या वेळी जीव जायचा राहिला होता."

"वेडी आहेस. बरं, आता मला आत जाऊ दे. मी खरंच न्हाणीकडेच निघालो होतो."

दार लागलं. मामी बोळात एकट्याच उभ्या राहिल्या.  भाच्याला आता स्वतःच सांगावं, असं ठरवून त्या लगबगीने बैठकीकडे वळल्या, आणि बोळात ढकललेल्या त्या खोक्यावर त्यांची करंगळी सणकून आपटली.

सवयीने ओठ मिटले. मग लक्षात आलं, आता कशाला?

मामी ओरडल्या. भाच्याच्या हातून माउस सुटला. नवरा अंथरुणावर उठून बसला आणि चोर आला की वीज पडली हे न कळून उशी घेऊन उभा राहिला. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. न्हाणीच्या आतून हेडमास्तर मोठ्याने मोजत होते, "पाच... सहा... सात! शाब्बास!"

बोळाच्या तोंडाशी भाचा येऊन उभा होता. तोंड उघडं, बोट मामींकडे.

"हो, मीच," मामी एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या. "आणि बारावं पान वाचत जा रे जरा."

नवरा उशी धरून म्हणाला, "हिला आवाज आहे?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हत्यारांच्या खणात मामींचं बोट चेमटलं. छोटीशीच, दाराआडच्या मरणाएवढी किंकाळी त्यांनी मनसोक्त मारली. बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी दोघे उठून घरी गेले, आणि डॉक्टरीणबाईंना त्या दिवसापासून नवं उदाहरण शोधावं लागलं.