चंद्रीची मेंबरशिप

ताराबाई पार्काच्या पलीकडं ‘वनश्री कॉलनी’ उठली ती बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला. त्याआधी तिथं चिमणाबाईच्या सासऱ्याचं रान होतं. रान गेलं, बंगले आले, आणि चिमणाबाई ओढ्याकाठच्या खोपटात गेली. नवरा नाही, पोर नाही. जवळ राहिली एकटी चंद्री. म्हस कसली, नुसता नखरा! जन्मली रानातल्या जांभळीखाली, आणि पान्हा सोडायची तोही तिथंच. दुसरीकडं बांधा, सरकी चारा, पाया पडा. थेंब देईल तर शपथ.

जांभळ आता चेअरमन गणपतरावांच्या बागेत. पण बंगल्यात राहिली म्हणून काय झालं, माणसं कोल्हापूरचीच की! डोळ्यांदेखत धार काढलेलं फेसाळ दूध प्याल्याशिवाय त्यांचा दिवस उगवायचा नाही. सकाळी सगळी कॉलनी गाऊन-पायजम्यात, हातात पेले घेऊन जांभळीखाली हजर. चिमणाबाईचं पोट त्यावरच चालायचं.

एके दिवशी चंद्रीनं गणपतरावांच्या नव्या फियाटला अंग घासलं आणि आरसा निखळला. झालं! कमिटी बसली आणि फाटकावर बोर्ड लागला: ‘जनावरांना आत सक्त मनाई.’

“फाटकाबाहेर काढ की धार,” गणपतराव म्हणाले.

देतीय कुठली! चंद्री दगडासारखी उभी. डॉक्टरीण शालूबाईंनी जांभळीची फांदी तोडून तिच्या डोक्यावर धरली. वकीलसाहेबांनी झाडाखालची माती घमेल्यातून आणून खुरांखाली पसरली. शेवटी खुद्द गणपतराव पाठीवरून हात फिरवत, “माझी बाय ती, चुकलं आमचं,” म्हणाले. चंद्रीनं त्यांच्या स्लिपरवर शेण टाकलं.

म्हस आटली की बाजार, आणि आटलेली म्हस बाजारातनं कुठं जाते हे चिमणाबाईला ठाऊक होतं. तिनं गणपतरावांपुढं हात जोडले.

“सायेब, बोर्ड तेवढा काढा की.”

“नियम म्हणजे नियम! आज म्हस, उद्या शेळ्या येतील.”

कमिटी पुन्हा बसली. दूध तर पाहिजे, बोर्ड तर हलवायचा नाही. वकीलसाहेबांनी तोड काढली: मनाई जनावरांना हाय, मेंबरांना थोडीच हाय? टाळ्या पडल्या. चंद्री एकमतानं कॉलनीची मेंबर झाली! शालूबाईंनी कुंकू लावलं, गणपतरावांनी हार घातला. तो तिनं तिथंच खाल्ला.

चिमणाबाईला हसूही येईना आणि रडूही आवरेना. म्हस वाचली होती, बास.

दुसऱ्या दिवशी चंद्री फाटकातून तडक आत गेली. मागोमाग चिमणाबाई निघाली, तर वॉचमन मीरासाबनं काठी आडवी धरली. बिचारा मान खाली घालून बोलत होता.

“मावशी, राग धरू नका. म्हस मेंबर हाय, तुमी न्हाय. भाईरच्या माणसाला इचारल्याबिगर सोडू नको म्हणत्यात. कुणाकडं आलाय?”

चिमणाबाईनं आत बघितलं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनंच ती जांभळ लावली होती, डोक्यावरनं पाणी आणून जगवली होती. तिच्याखाली माणसं रिकामे पेले घेऊन ताटकळली होती.

“म्हशीकडं आलीया,” ती म्हणाली. “जा, इचार तिला, पावणीला आत घेती का.”