गाडीला जागा मिळाली

त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, पण ते शाळेतले नव्हते. ते गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता. शिकणाऱ्याचे हातपाय गळाले की मास्तर तो इतका अलगद दाबत, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपणच दाबला. माणूस सावध. पण घर शोधताना नेमकी त्यांचीच बुद्धी गहाण पडली.

जुनं भाड्याचं घर तळमजल्यावर होतं आणि गाडी रस्त्यावर. समोरचा दुकानदार रोज शटर वर करताना गाडीच्या नावाने शंख करायचा. कधी आरसा मोडलेला, कधी दारावर कुणीतरी खिळ्याने केलेली नक्षी. एकदा दोन टायर फाडलेले निघाले, आणि सकाळचे सगळे शिकणारे हात हलवत परत गेले. मास्तरांनी हायच खाल्ली. घर चालायचं ते त्या गाडीवर. त्यात घरमालकाला त्या खोल्या मुलासाठी हव्या झाल्या.

पार्किंग हवं म्हटलं की एजंट असा चेहरा करत, जणू मास्तरांनी त्यांची किडनी मागितली आहे. चपला झिजवून शेवटी दोन घरं उरली. एक तळमजल्याचं, पुढे व्हरांडा असलेलं, पण गाडी पुन्हा रस्त्यावरच. दुसरं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मात्र खाली छपराखाली गाडीला हक्काची जागा. आणि सोबत राहणाऱ्या आईचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते.

"आई, जिना आहे. जमेल का?"

"न जमायला काय झालं? हळूहळू चढेन. आधी गाडीचं बघ."

मास्तरांना हेच ऐकायचं होतं. एखादा शिकणारा अशा आवाजात 'जमेल' म्हणाला असता, तर मास्तरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला असता.

आई चढली. दुसऱ्या मजल्यावर कुणा अनोळखी बाईंनी स्टूल दिलं, त्यावर बराच वेळ बसली. मग वर गेली ती पुन्हा उतरलीच नाही. जुन्या घरी ती दारात खुर्ची टाकून बसायची, आणि गल्लीतली बातमी तिच्या कानावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. इथे ती संध्याकाळी मास्तरांची वाट बघायची.

"आज कोण भेटलं रे?"

"कोण भेटणार?" दिवसभर लोकांचे क्लच सोसून आलेले मास्तर म्हणायचे. रविवारी खाली नेऊ, असं त्यांच्या मनात असायचं. पण रविवारीच शिकणाऱ्यांची झुंबड. गाडीवर मात्र आता एक ओरखडा नव्हता.

पुढे आईला ताप भरला. दवाखान्यात न्यायला शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट खाली आणलं आणि दम खायला खुर्ची पार्किंगमध्ये टेकवली. तिथे गार वारा होता. कट्ट्यावर बायका गप्पा मारत होत्या, मुलं सायकली फिरवत होती. आई तापातही बघत राहिली.

"एवढं छान आहे होय इथे?" ती म्हणाली. "मग एखाद्या दिवशी आणायचंस की रे मला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दवाखान्यातून धाकट्या बहिणीने आईला थेट आपल्या घरी नेलं. "दादा, तुझ्याकडे जिना आहे," एवढंच म्हणाली. तिथे बैठं घर होतं. आई महिन्याभरात दारात बसायला लागली, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून चौकशा करायला लागली. मास्तर भेटायला जात आणि पाहुण्यासारखे चहा पिऊन परत येत. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर त्यांना खायला उठायचं.

मग त्यांनी पुन्हा एजंट गाठला आणि एक तळमजला शोधून काढला. जाऊन आईच्या शेजारी बसले.

"आई, घर बघितलंय. एकही पायरी नाही. येशील ना?"

आईचा चेहरा फुलला. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तिथे गाडीला जागा आहे ना रे?"

मास्तरांना खोटं बोलता आलं नाही. "नाही," ते म्हणाले. "रस्त्यावर लावीन."

"मग नको," आई म्हणाली आणि त्यांच्या हातावर थोपटलं. "मी बरी आहे इथे. गाडीचे हाल नकोत."