पाठीमागचा बॉक्स

चार मे, रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण देवगाव फाट्यावरचं चहाचं हॉटेल. हळदीत गाण्याची सुपारी अठरा हजारांची ठरली, पैकी पाच हजार इसार रोख मिळाला. हजर चौघं: ज्यांच्या पुतणीची हळद होती ते चुलते, ज्याची गाण्या-वाजवण्याची पार्टी आहे तो आमचा गायक, ढोलकी वाजवणारे मामा आणि मी. कीबोर्डवाला पोटदुखीमुळे आला नव्हता. साऊंड त्यांचा, गाडी आमची, गाणी चौदा, असं बोलणं झालं. चहाचे पैसे चुलत्यांनी दिले.

मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी बेस गिटार वाजवतो. लग्न, हळद, जावळ, मावंदं, जिथं बोलावतील तिथं. बेस म्हणजे काय हे मला घरातही नीट समजावून सांगता आलेलं नाही. चार जाड तारा, लांब मान, आणि गाण्याच्या तळाशी धम्म असा आवाज. तो चालू असताना कुणी ऐकत नाही. बंद पडला तर काहीतरी कमी झालंय एवढं कळतं, काय ते कळत नाही. बायको म्हणते, एवढं ओझं वाहायचं तर निदान लोकांना दिसेल असं काहीतरी वाजवा.

वाद्य मी हैदराबादहून जुनं घेतलं. त्याची देखभाल मला वाजवण्याइतकीच आवडते. गिटारच्या मानेत एक लोखंडी सळई असते. आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड सुकून मान एकीकडं जाते, श्रावणात ओल धरून दुसरीकडं. मग किल्लीनं सळई पाव फेरा आवळायची किंवा सैल करायची, जास्त नाही. तार दोन्ही टोकांना दाबून धरली की मधे पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवी. तारा परभणीत मिळत नाहीत, म्हणून मी जुन्याच काढून पाण्यात चिमूटभर सोडा टाकून उकळायचो. बोटांचा मळ निघतो आणि आवाजाला पुन्हा धार येते. त्यासाठी बायकोनं एक पातेलं वेगळं काढलं होतं. त्यात दुसरं काही शिजलेलं मला आठवत नाही.

बॉक्स मात्र इथलाच. पंधरा इंची स्पीकर, प्लायवूडची पेटी परभणीतल्या सुतारानं केलेली, वजन अडतीस किलो. स्टेजवर तो माझ्या डाव्या हाताला आणि मामांच्या पाठीमागं असायचा.

मामा माझे कुणी लागत नाहीत. सगळेच त्यांना मामा म्हणतात. साठीला आलेले, गंगाखेडकडच्या एका खेड्यातले. अर्धं आयुष्य त्यांनी मामींबरोबर ऊसतोडीत काढलं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मामांचं मांडीचं हाड मोडलं, ते नीट जुळलं नाही, आणि मग त्यांनी ढोलकी धरली. वाडवडिलांची विद्या होतीच. पार्टीत आल्यापासून त्यांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून एकदाही उचल घेतली नाही. वर्षभराच्या सुपाऱ्या आणि दोन शेळ्या यांच्यावर दोघांचं भागत होतं. मामा म्हणायचे, "मुनीम, ढोलकी हाय तवर उसाचा फड न्हाई. ढोलकी गेली की मुकादम दारात हाय बघ."

तीनेक वर्षांपूर्वी गंगाखेडला एका कार्यक्रमात वायर सैल होऊन बॉक्स बंद पडला. गाणं चालूच होतं, लोकांना कळलंही नाही. पण मामांचे हात थांबले. त्यांनी गायकाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं नाही, मागं वळून बॉक्सकडं पाहिलं. मी वायर हलवली, आवाज आला, आणि ते पुन्हा ठेक्यात आले. परतताना गाडीत मी विचारलं.

"डावा कान पार गेलाय," ते म्हणाले. "उजव्यानं थोडं येतं. ह्या डीजेच्या भिंतीपुढं किती वरसं बसायलोय, तुला म्हाईतच हाय."

"मग वाजवता कसं?"

"तुझं पाठीत येतं की. बॉक्सला पाठ लावली की सम कळती. मी ऐकायलो न्हाई, मी पाठीनं धरायलो." आणि थोड्या वेळानं, "गायकाला बोलू नको. त्यो चांगला हाय, पण त्याला बी पोट हाय."

मी शब्द दिला आणि पाळला.

त्यानंतर माझं वाजवणं बदललं. पूर्वी मी मधे मधे कलाकुसर करायचो, वरच्या तारांवर पळायचो. ते सोडलं. सम आली की जाड्या तारेवर भरीव सूर द्यायचा, पुसट नाही. अंतरा येण्याआधी दोन ठोके जास्त द्यायचे, म्हणजे मामांना वळण कळेल. तारा उकळणंही बंद केलं. धार असलेला आवाज कानाला लागतो, पाठीला लागत नाही. जुन्या, मळलेल्या तारांचा जाड आवाज प्लायवूड हलवतो. कीबोर्डवाला एकदा म्हणाला, "मुनीम, तुमी आळशी झालाव. चार सुरांत गाणं उरकायलाव." मी म्हटलं, वय झालं. मामा ढोलकीच्या शाईवर फुंकर मारत होते. ऐकू आलं नसणार, पण हसले.

खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांत जसं वाजलं तसं आधी कधी वाजलं नव्हतं. माझा सूर आणि मामांची थाप एकाच क्षणी पडायची. दोन वाद्यं आहेत असं वाटायचंच नाही.

हळद नऊ मेला होती, संध्याकाळी सहा वाजता. मांडव मोठा, स्टेज लहान. साऊंडवाला तरुण, नवं मिक्सर घेतलेला. बॉक्स बघून म्हणाला, "काका, हे कपाट कशाला आणलं? तुमची वायर डायरेक्ट मिक्सरला घेतो. बाहेर असा बेस देतो की मांडवाचे खांब हलतील."

मी म्हणालो, "बाहेर द्या. पण बॉक्स इथंच राहू दे. मला सवय आहे."

"जागा कुठाय? नवरीची बसायची खुर्ची यायचीय."

गायक घाईत होता. मामा नेहमीप्रमाणे बॉक्सपुढं स्टूल सरकवत होते, ते पाहून तो हसून म्हणाला, "मामा, टेकल्याबिगर बसवत न्हाई व्हय आता? मामीला सांगू का तक्क्या धाडून द्यायला?"

दोन-चार जण हसले. चुलतेही हसले. त्यात वाईट काही नव्हतं, गायक मामांची अशी थट्टा रोजच करायचा. पण मामांनी ती ओठांवरून वाचली.

"कुणाला लागतोय टेका?" ते म्हणाले. "काढा त्यो बॉक्स."

मी म्हणालो, "मामा, राहू द्या. माझ्यासाठी लागतो."

"तुला काय कराचाय? पोरगं म्हणायलंय ना डायरेक्ट घेतो." आणि त्यांनीच एक कडी धरली. दुसरी मी धरावी म्हणून माझ्याकडं पाहत राहिले. आम्ही दोघांनी बॉक्स उतरवून गाडीत नेऊन ठेवला. गाडीशी कुणी नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्या हातावर नजर ठिवतो. जमतंय."

पहिली दोन गाणी जमली. मामा स्टूल वळवून माझ्याकडं तोंड करून बसले होते. माझी उजव्या हाताची बोटं तारेवर पडताना बघायचे आणि थाप टाकायचे. मी मुद्दाम हात मोठा हलवत होतो. बाहेरच्या स्पीकरातून माझा सूर मांडवात जात होता. स्टेजवर त्यातलं काही येत नव्हतं, पायाखालच्या फळ्याही हलत नव्हत्या. स्टेजवरचा एकुलता एक छोटा स्पीकर गायकाच्या पायाशी होता.

तिसऱ्या गाण्याला नवरीला खुर्चीत आणून बसवलं. हळद लावायला बायका स्टेजवर चढल्या, मागून करवल्या, त्यांच्यामागून फोटोवाला. माझ्या आणि मामांच्या मधे माणसंच माणसं झाली. मी दोन पावलं पुढं गेलो, पण वायर तेवढीच लांब होती. कुणाच्या तरी खांद्यावरून मामांचं मुंडासं दिसत होतं. ते खाली झुकलेलं होतं.

आधी अर्ध्या मात्रेचा फरक पडला. गायकानं मागं वळून पाहिलं. मी जाड्या तारेवर जोर दिला, पण तो जोर मांडवाच्या खांबांना मिळाला. मग फरक पूर्ण मात्रेचा झाला. गायक एक ओळ चुकला, दुसरी सावरून म्हणाला आणि गाणं आवरतं घेतलं. कीबोर्ड थांबला. मी थांबलो.

मामा वाजवत राहिले.

डोळे मिटलेले होते. लय अजिबात चुकलेली नव्हती, फक्त त्यांची एकट्याची होती. बायका बाजूला झाल्या. लोकांना वाटलं, ढोलकीचा तुकडा चालू आहे; टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी मारली. मामांनी अंतऱ्यानंतरचं वळण घेतलं, सम गाठली, पुढं निघाले. मग मांडवाला कळलं. हसू मागच्या बाजूनं सुरू झालं आणि पुढं आलं. मी गिटार गळ्यात तशीच ठेवून, माणसांतून वाट काढत गेलो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडं पाहिलं. मग मान वळवून पाठीमागं, जिथं बॉक्स असायचा तिथं.

उरलेली अकरा गाणी कीबोर्डवाल्यानं मशीनच्या ठेक्यावर काढली. मशीन कुठंच चुकलं नाही. लोक भरपूर नाचले.

चुलत्यांनी चार हजार कापले. वाद घालण्यासारखं नव्हतं. इसार धरून चौदा हजार मिळाले. गाडीचे दोन गेले, बाराचे चार वाटे केले. गायकानं मामांचा वाटाही पूर्ण काढला. त्याचं मी चांगलंच सांगेन. परतीच्या गाडीत त्यानं मला विचारलं, "तुमाला ठाव होतं?" मी हो म्हणालो. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी काय हाकललं असतं का." वाक्य प्रश्नाचं होतं, पण त्यानं ते विचारल्यासारखं म्हटलं नाही. पुढच्या सुपारीला मामांना बोलावणं गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मामांनी वाटा घेतला नव्हता. "वाजीवलं न्हाई त्याचं कसं घिऊ?" म्हणून मागच्या सीटवर बॉक्सशेजारी बसले. गाडी खड्ड्यांतून जात होती. त्यांचा तळहात बॉक्सच्या फळीवर होता. ते तीन हजार गायकानं माझ्याकडं दिले. मी ते पाकिटात घालून कपाटात वेगळे ठेवले.

दसऱ्याच्या आधी कळलं की मामांनी उचल घेतली. मुकादमाला ऐकू येत नसलेलं चालतं, वाकता आलं म्हणजे झालं. मी एक रविवार बघून टेम्पो केला, बॉक्स आणि गिटार घातली आणि त्यांच्या गावी गेलो.

मामी अंगणात कोयत्याला मूठ बसवत होत्या. बॉक्स उतरताना बघून म्हणाल्या, "आता ह्ये काय आणलंव? ह्येनला हाका मारून माझा गळा बसलाय. ह्येच्यातून वरडू का?"

"तसंच समजा, मामी."

लाईट नव्हती. दोनला येते म्हणाले, ती साडेतीनला आली. तोवर मी मानेची फट बघितली. पावसाळा सरला होता, पाव फेरा लागला. तारा त्याच होत्या, मी बदलल्या नव्हत्या. आल्याआल्या पुढं केलेलं पाकीट मामांनी परत सारलं होतं, ते समोर बसून बघत होते. आम्ही फारसं बोललो नाही. बोलायला ओरडावं लागतं आणि त्यांच्याशी ओरडून बोलावं असं माझ्याकडं काही नव्हतं.

लाईट आल्यावर मी बॉक्स भिंतीशी लावला. मामांनी आतून ढोलकी आणली. चार-पाच महिने खुंटीला होती, दोऱ्या आवळाव्या लागल्या. मग ते बसले आणि पाठ टेकली. मी जाड्या तारेवर एकच सूर दिला. त्यांचे खांदे खाली आले.

हळदीत अर्धं राहिलेलं गाणं आम्ही गायकाशिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. अंतऱ्याआधी मी दोन ठोके दिले, त्यांनी वळण घेतलं. दोघं एकत्र समेवर आलो आणि एकत्र थांबलो. शेळ्या ओरडत होत्या. मामी दारात उभ्या होत्या, कोयता हातात तसाच.

"सम बराबर पडली का?" मामांनी विचारलं.

मी मान डोलावली.

त्यांची पाठ अजून टेकलेलीच होती. बॉक्स चालू होता, त्यातून नुसती बारीक घरघर येत होती. "तिकडं पाठीवर मोळी राहती," ते म्हणाले. "ती बी जड अस्ती, पण तिच्यातून काय येत न्हाई." मग ढोलकीच्या दोऱ्या सैल केल्या, कापडात गुंडाळली आणि मला म्हणाले, "आण ते पाकीट. आता वाजीवलंय."

तीन हजार मी त्यांच्यापुढं मोजले. त्यांनी हात लावला नाही, मामींकडं बोट केलं. मामींना दिले. टेम्पोवाल्याला जाऊन-येऊन सातशे, लाईटची वाट बघितल्याचे वर शंभर, असे आठशे माझ्या खिशातून दिले.