सोलांची गच्ची

आमच्या अंगणातून वीजकेंद्राची चिमणी दिसते. वीज जाते मुंबईकडे, राख उरते आम्हाला, हे मी तीस वर्षं शाळेत पोरांना सांगत आलो. काळाचौकीच्या चाळीतल्या माझ्या भाच्याचा, सुधीरचा फोन आला, "मामा, गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय, बघायला या," तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली.

दादरला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, तरी फलाटावरचे सगळे दिवे चालू. बायको बरोबर नव्हती तेच बरं. एकेक बंद करायला लावला असता.

चाळीत पोहोचलो तर सुधीरचं तोंड उतरलेलं. संध्याकाळी सभा होती आणि सावंतकाकूंचा सोलरला विरोध होता. काकू मालवणच्या. गिरणी बंद पडून नवरा घरी बसला, तेव्हापासून गच्चीवर सोलां (आमसुलं) आणि मिरच्या वाळवून त्यांनी संसार ओढला. पॅनल बसले की ऊन पॅनलचं. निम्म्या चाळीची वाळवणं त्याच राखतात, त्यामुळे त्यांचा नकार म्हणजे निम्म्या चाळीचा नकार.

गच्चीच्या दारातच माझा पाय सोलांवर पडला आणि पांढरा मोजा जांभळा झाला. आता बोलणी बसणार असं वाटलं. पण पाहुणा म्हणून काकूंनी मोजा धुवायला घेतला आणि पुढ्यात सोलकढी ठेवली. ती पिता पिता मी सहज म्हणालो, उघड्यावरचं वाळवण किती वर्षांनी पाहतोय.

"तुमच्याकडे ऊन नाय?"

"ऊन रगड आहे. पण दुपारपर्यंत पापडांवर राख बसते. आमचे पापड पंख्याखाली वाळतात."

राख कसली, असं त्यांनी विचारलं. मी चिमणीचं सांगितलं आणि तिथली वीज कुठे जाते तेही. मोजा चोळणारा त्यांचा हात थांबला.

"आमच्या दिव्यांपायी तुमचे पापड काळे? ह्यां माका कोणीच सांगूक नाय." (हे मला कोणीच सांगितलं नाही.)

मला ओशाळल्यासारखं झालं. तीस वर्षं मुंबईच्या नावानं बोटं मोडली, पण मुंबईच्या एकाही माणसाला हे सांगितलं नव्हतं.

सभेला सगळे गच्चीवर जमले. काकूंनी खडू मागून घेतला आणि स्वतःच रेघ ओढली. मोकळी बाजू पॅनलला, पाण्याच्या टाकीलगतची सोलांना. दुपार कलली की तिथे टाकीची सावली येते. काकूंना ते आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत सोलां घातली. एका चाळीच्या पॅनलांनी आमची चिमणी थंड होत नाही, एवढा हिशेब मास्तराला येतो. तरीही परतीच्या वाटेवर मन हलकं होतं.

प्रवासात सोलां थोडी दमट झाली होती. बायकोनं ती ताटात पसरली, एकदा अंगणाकडे पाहिलं आणि पंखा लावला.