बाटलीतली पांढरी बोंडअळी

स्पिरिटचा वास आला की आमच्या विज्ञान-चित्रकारांच्या संघटनेतला तो दिवस आठवतो. शेतकऱ्यांसाठीचं पोस्टर छपाईला निघालं होतं आणि आमच्या सर्वांत ज्येष्ठ चित्रकारांनी गुलाबी बोंडअळी चक्क पांढरी रंगवली होती. ते पाहून शेतात अळी कोणाला ओळखता आली असती? सचिव म्हणून मी छपाई थांबवली. "नमुना समोर ठेवून काढली म्या! तू मले शिकवून राह्यला काय?" ते उसळले. मी त्यांना स्कूटरवर बसवून वडनेरच्या एका शेतात नेलं आणि कपाशीचं किडकं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. बाटलीतल्या स्पिरिटनं त्यांच्या नमुन्याचा रंग उडाला होता. ते खो-खो हसले, "महिनाभर दारूत बुडून राह्यली, मंग रंग कुठचा राह्यते तिचा!" आणि तिथेच बांधावर बसून त्यांनी अळी पुन्हा रंगवली. आजही सचिव मीच आहे, आणि जिवंत नमुना पाहिल्याशिवाय कोणाचंही चित्र छपाईला सोडत नाही.