इनटेक पाईप आणि तीन ठोके

इथले भुताखेतांचे अनुभव मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. आमचं बौद्ध घर. अंगारे-धुपारे, बाहेरची बाधा असलं काही आमच्याकडे कधी चाललंच नाही. माझा आजही विश्वास नाही. पण महिनाभर विचार करून करून डोकं थकलंय... म्हणून लिहितोय.

मी शहापूरला राहतो. दादाचं, म्हणजे मोठ्या भावाचं घर जवळच, सापगावला. तो कसाऱ्याला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. त्याच्याकडे वीस वर्षं जुनी एक छोटी स्पोर्टी गाडी होती. तिला काहीही नवीन लावलं की तो टेस्ट घ्यायचा — रविवारी सकाळी, मुरबाड रोडच्या सरळ पट्ट्यावर. तो चालवणार, मी शेजारी, मोबाईल रेकॉर्डिंगवर. काटा चाळीसवर आला की मी डॅशबोर्डवर दोन ठोके मारायचे, ऐंशीला पुन्हा दोन. मग घरी रेकॉर्डिंग ऐकून मधले सेकंद मोजायचे. तीन ठोके म्हणजे पुरे, घरी चल. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून ही पद्धत.

शेवटी त्याने मागवला तो एअर इनटेक. इंजिनाने जास्त हवा खेचावी म्हणून जाड पाईप आणि उघडा फिल्टर. फोन करायचा, "रविवारी येतोस का रे?" मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की." आठवडाभर ड्युटी करून मला सुट्टीला नुसतं पडून राहायचं असायचं. असे कितीतरी रविवार गेले... मग त्याला कावीळ झाली आणि तो गेला. इनटेकचा खोका खाटेखाली तसाच.

गेल्या महिन्यात गाडीला मुरबाडचं गिऱ्हाईक आलं. वहिनी म्हणाली, "द्या गाडी भावजी, पन त्यांचा पाईप आदी बसवा."

रविवारी सकाळी गेलो. आधी जुन्या फिल्टरवर तीन फेऱ्या मारल्या, अंगणात येऊन पाईप बसवला आणि पुन्हा तीन. एकटाच होतो, मोबाईल शेजारच्या सीटवर रेकॉर्डिंगला लावलेला. हात स्टिअरिंगवर, त्यामुळे ठोके कुठले मारणार? तोंडानेच ओरडत होतो — "चाळीस!", "ऐंशी!" अजून एक फेरी मारायची होती, पण अंगात त्राण नव्हतं. परत फिरलो.

वहिनी भाजी निवडत बसली होती. तिच्यासमोरच रेकॉर्डिंग लावलं.

टक टक. "चाळीस!" टक टक. "ऐंशी!"

मला वाटलं, नवा पाईप बॉनेटला लागतोय. पण पाईप बसवायच्या आधीच्या फेऱ्यांमध्येही तेच. सहाही फेऱ्यांना. आणि दर वेळी माझ्या ओरडण्याच्या जरासे आधी, जणू काट्यावर माझ्यापेक्षा नीट कुणाचं तरी लक्ष होतं. शेवटच्या फेरीनंतर — टक टक टक.

वहिनीचे हात थांबले. "ह्ये तर तुमच्या दोघांचे ठोके," ती म्हणाली.

दादाच्या गॅरेजमधल्या सोबत्याने डॅशबोर्ड उघडून पाहिला. सगळं घट्ट. त्याच रस्त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग केलं, त्यात फक्त इंजिन आणि मी.

सेकंदही मोजले. फरक शून्य. आवाज तेवढा मोठा झाला. वहिनीला म्हटलं, "पाईपचा काही उपयोग नाही झाला."

ती म्हणाली, "गाडीचं त्यांना काय नाय, भावजी. दर रविवारी सकाळी तयार हून दारात बसायचे, तुमी याल म्हनून."

मला तिथे बसवेना.

गिऱ्हाइकाला नकार कळवला. गाडी अंगणातच आहे. ते ठोके कसले, मला आजही सांगता येत नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा. मला एवढंच ठाऊक आहे — फेऱ्या, पाईप, पुन्हा फेऱ्या, सगळं मिळून एक सकाळ लागली. दुपारी जेवायला मी घरी होतो.