स्विचबोर्ड इतके वर काहून?

मित्रांनो, आज सकाळी बायकोसोबत प्रताप नगरकडे तळमजल्याचं एक घर भाड्यानं घ्यायचं म्हणून बघायला गेलो होतो. आईचे गुडघे गेलेत, तिला जिना चढवत नाही. घरामागे नाला आहे, पण घर आवडलं.

दोनच गोष्टी खटकल्या. सगळे स्विचबोर्ड माझ्या डोक्याच्या उंचीवर होते आणि भिंतींचा रंग फक्त कमरेपर्यंत नवा होता.

"बोर्ड इतके वर काहून लावले, काका?" मी घरमालकांना विचारलं.

"लहान पोट्टे हात लावतात न. अन् पाण्याचं म्हणाल तर इथं पाणी कधीच येत नाही."

पाण्याचं मी विचारलंच नव्हतं.

बाहेर पडल्यावर बायकोनं शेजारच्या काकूंना गाठलं. त्या म्हणाल्या, "पहिले पाऊस दिवसभर पडे, पण नाल्यात मावे. आता सारा घंटाभरात पडते वं. दोनदा शिरलं पाणी त्या घरात. आधीच्या भाडेकरूच्या म्हाताऱ्या बापाले आम्हीच उचलून आमच्या वरच्या मजल्यावर आणलं."

मी परत जाऊन मालकांना नाही म्हणालो. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता कोणत्या घरात पाणी येणार नाही, ते तर सांगा."

तेव्हापासून प्रत्येक कोरड्या घराचा संशय येतोय. घर बघताना पाण्याचं खरं तुम्ही कोणाला विचारता?